व्यक्तिचित्र आणि चिन्ह : ऋद्धिपूर व वलगाव यांच्या निमित्ताने

‘व्यक्तिचित्र’ ही संज्ञा चित्रकला आणि साहित्य या दोन्ही क्षेत्रांत सारख्याच सहजतेने वापरली जाते, आणि या सहजतेमुळेच तिच्या अर्थाची चिकित्सा फारशी होत नाही. पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘व्यक्तिचित्र’, ‘व्यक्तिरेखा’, ‘शब्दचित्र’ आणि ‘चरित्र’ हे चारही शब्द पुष्कळदा एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी आलेले आढळतात. परीक्षकही ते फारसे मनावर घेत नाही. परंतु या शब्दांमागे असलेले भेद केवळ पारिभाषिक नाहीत. एखाद्या माणसाचे ‘चित्र’ काढले म्हणजे नेमके काय केले, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे. वऱ्हाडच्या भूमीत या प्रश्नाचा विचार करण्यास दोन असामान्य उदाहरणे उपलब्ध आहेत. एक तेराव्या शतकातील ऋद्धिपूरचे, दुसरे विसाव्या शतकातील. दोन्ही माणसांनी स्वतःविषयी एक अक्षरही लिहिले नाही. दोघांचेही चित्र सर्वस्वी इतरांच्या हाती राहिले. त्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे व्यक्तिचित्राच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारे आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करावा लागेल. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिक ही व्यक्तिरेखा आहे. अमरावती परिसरातील खेड्यात तिच्यासारख्या अनेक बाया होत्या व आहेत. तिच्या तोंडची वऱ्हाडी कानांना इतकी ओळखीची वाटते की, ही बाई आपल्याच गावची असे वाचकास वाटावे. तरीही ‘कौतिक खरोखर अशी होती काय?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. कादंबरीच्या बाहेर ताडून पाहण्यास कौतिक नाही. व्यक्तिचित्राच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारण्याचा वाचकाला अधिकार असतो, आणि लेखकाने तो मान्य केलेला असतो. व्यक्तिचित्र आपल्याबाहेरच्या एका माणसाकडे बोट दाखवते, हे त्याचे पहिले लक्षण होय. चित्रकाराच्या समोर बसलेला माणूस आणि पटावरचा माणूस यांत जे नाते असते, तेच येथे अभिप्रेत आहे.

मराठीत या लक्षणाला छेद देणारे प्रसिद्ध उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) मधील माणसे बहुतांशी कल्पित आहेत; ‘गणगोत’ (१९६६) मधील माणसे प्रत्यक्षातील आहेत. तरीही वाचकांच्या मनात पहिल्याच पुस्तकातील माणसे अधिक ‘खरी’ होऊन बसली. याचा अर्थ बाह्य संदर्भाची अट रद्द झाली असा मात्र नाही. देशपांडे यांनी कल्पित माणसांसाठी व्यक्तिचित्राचा आकृतिबंध उसना घेतला. निवेदकाने माणसाला भेटणे, त्याचे घर, त्याची लकब, त्याने म्हटलेले एखादे वाक्य आणि दोघांमधील वाढत जाणारी ओळख हा सारा घाट प्रत्यक्ष माणसाच्या चित्रणाचा आहे. वाचक त्या घाटाला सरावलेला असल्यामुळेच तो फसतो, आणि आनंदाने फसतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) या संग्रहाने हा घाट त्यापूर्वीच घडवून ठेवला होता, याचे विस्मरण होऊ नये.

दुसरा भेद चरित्राशी आहे. चरित्र काळाच्या क्रमाने चालते. व्यक्तिचित्र काळाला थांबवते. निदान एका ठिकाणी रेंगाळते. माणसाने आयुष्यभर काय केले यापेक्षा तो दारातून आत कसा येत असे, याची त्याला अधिक ओढ असते.

चित्रकलेच्या भारतीय शास्त्रग्रंथांनी सादृश्याचा विचार बारकाईने केला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ चित्रांचे जे प्रकार सांगतो, त्यांत ‘विद्ध’ म्हणजे आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे मूळ वस्तूशी तंतोतंत जुळणारे चित्र. ‘अविद्ध’ म्हणजे मनात आले म्हणून आकस्मिकपणे काढलेले, केवळ आकार सुचविणारे चित्र. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे आली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यात भाव व सादृश्य ही दोन स्वतंत्र अंगे मानली आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नाक, कपाळ, हनुवटी यांचे प्रमाण जुळूनही माणूस हुकू शकतो, हे जुन्या शास्त्रकारांना ठाऊक होते.

सादृश्याची ही मर्यादा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात प्रत्यक्ष पाहता येते. १९६८ मध्ये उघडलेल्या या नाट्यगृहासाठी गोपाळ देऊसकर यांनी बालगंधर्वांची दोन चित्रे रंगविली. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. दोन्ही चित्रांत सादृश्य आहे. मग बालगंधर्वांचे व्यक्तिचित्र कोणते? पहिले म्हणावे, तर ज्यासाठी लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला ते त्यात नाही. दुसरे म्हणावे, तर ते एका भूमिकेचे चित्र आहे. देऊसकरांनी दोहोंपैकी एक निवडण्याचे नाकारले, यातच त्यांचे शहाणपण आहे. दोन चित्रांमधील अंतर हेच येथे व्यक्तिचित्र आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता ऋद्धिपूरकडे वळता येईल. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले हे गाव महानुभावांचे अत्यंत पवित्र स्थान. श्रीचक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांचे बहुतेक आयुष्य याच गावात गेले. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य व इतर शिष्य त्यांच्या सन्निध ऋद्धिपुरास येऊन राहिले. तेथेच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणींचे संकलन केले; ‘लीळाचरित्र’ त्यातून सिद्ध झाले. गोविंदप्रभूंच्या देहावसानानंतर त्यांच्याही लीळा त्यांनी संकलित केल्या. ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ किंवा ‘ऋद्धिपूरचरित्र’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संकलनात तीनशेहून अधिक लहानलहान लीळा आहेत. डॉ. वि. भि. कोलते यांनी हा ग्रंथ संपादून अभ्यासकांस उपलब्ध करून दिला, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादामुळे तो मराठीबाहेरही वाचला गेला.

या लीळांतील माणूस विलक्षण आहे. तो गावातून हवा तसा हिंडतो, कोणाच्याही घरात शिरतो, हाताला येईल ते खातो, मुलासारखा खेळतो, कारण नसता हसतो, कारण नसता रागावतो. अस्पृश्यांच्या वस्तीत जाण्यास त्याला कसलाही संकोच नाही. गावातील काही लोक त्याला आईबाप मानतात, काही सरळ वेडा म्हणतात. ग्रंथ या दोन्ही मतांना जागा देतो. संकलक स्वतः गोविंदप्रभूंना ईश्वरावतार मानणारा आहे. तरीही ‘वेडा’ म्हणणाऱ्यांचे शब्द त्याने गाळले नाहीत. भक्ताने लिहिलेल्या ग्रंथात निंदकाचा आवाज इतक्या शांतपणे नोंदलेला क्वचितच सापडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या लीळांपैकी पुष्कळांतून कोणताही उपदेश निघत नाही. प्रभू एका दाराशी थांबले, काही बोलले, पुढे गेले, संपले. उत्तरकालीन संतचरित्रांच्या वाचकाला अशा वेळी चुकल्यासारखे होते. चमत्कार कुठे आहे? बोध कुठे आहे? महिपतींच्या चरित्रांत प्रत्येक प्रसंग काही तरी सिद्ध करण्यासाठी येतो. येथे प्रसंग आहे, कारण तो घडला. महानुभाव तत्त्वज्ञानात याचे कारण दडलेले आहे. परमेश्वरावताराची प्रत्येक चेष्टा, म्हणजे त्याचे उठणे, बसणे, जेवणे, रुसणे, स्मरणास पात्र आहे. नाम, रूप, लीळा यांचे स्मरण हीच साधना. म्हणून कोणती कृती अर्थपूर्ण व कोणती क्षुल्लक, हे ठरविण्याचा अधिकार संकलकाने स्वतःकडे घेतला नाही. धर्मश्रद्धेने घातलेल्या या बंधनामुळे मराठी वाङ्मयाला एक अनपेक्षित लाभ झाला. उपदेशाला ज्याचा काही उपयोग नाही असा तपशील टिकून राहिला, आणि त्या निरुपयोगी तपशिलातच माणूस टिकून राहिला.

याची कसोटी महानुभाव वाङ्मयातच घेता येते. त्यासाठी बाहेर जाण्याचे कारण नाही. लीळाचरित्रातील चक्रधरांची वचने निवडून केशिराजबासांनी ‘सूत्रपाठ’ तयार केला. आधार तोच, वक्ता तोच, शब्दही पुष्कळसे तेच. परंतु लीळाचरित्रात चक्रधर कोणाशी तरी बोलत असतात. महादाइसेच्या जिज्ञासेला ते एका रीतीने उत्तर देतात. भोळ्या साधेंशी बोलताना त्यांच्या स्वरात थट्टेची एक झाक येते. नागदेवांना सांगताना ती नाहीशी होते. सूत्रपाठात ऐकणारा नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर बोलणारा माणूसही नाहीसा झाला. उरला तो सिद्धान्त. पुढे पंथातील अभ्यासकांना ही उणीव जाणवली असली पाहिजे. कारण कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागले. सूत्राला अर्थ यावा म्हणून चित्राकडे परत जावे लागले, असा हा मोठा बोलका व्यवहार आहे.

म्हाइंभटांच्या पद्धतीतील आणखी एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याने पाहिले, ऐकले त्याच्याकडून आठवण मिळवायची आणि ती नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायची, असा त्यांचा परिपाठ होता. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यपरंपरेने आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. त्यामुळे पाठभेद निर्माण झाले. हे पाठभेद लपविण्याऐवजी ते ज्याच्या त्याच्या नावावर नोंदले गेले : हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा. एका माणसाच्या चित्रात अनेक पाहणाऱ्यांचे हात आहेत आणि प्रत्येक हात ओळखता येतो. सकळादी सांकेतिक लिप्यांत हे वाङ्मय शतकानुशतके बंद राहिले, विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांची उकल झाली. म्हणून मराठी व्यक्तिचित्राच्या इतिहासाला या परंपरेचा लाभ झाला नाही. आजही पाठ्यपुस्तकांतील हा इतिहास आधुनिक काळापासूनच सुरू होतो, हे खटकणारे आहे.

ऋद्धिपूरच्या या माणसाशी काही बाबतींत आश्चर्यकारक साम्य असलेला दुसरा माणूस याच जिल्ह्यात जन्मला. शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर हे वडिलांच्या मृत्यूनंतर आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे मामाच्या घरी वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि ते गाडगेबाबा झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. तेही गावोगाव हिंडले, त्यांनाही प्रथमदर्शनी अनेकांनी वेडा म्हटले, त्यांनीही अस्पृश्यता मानली नाही. साम्य येथेच संपते. गोविंदप्रभूंची कृती हेतूच्या पलीकडची; गाडगेबाबांची प्रत्येक कृती हेतुपूर्वक. ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथील धर्मशाळा, मूर्तिजापूरचे गोरक्षण ही कामे वेड्याची नव्हेत.

गाडगेबाबांना स्वतःच्या चित्राचे भय होते असे म्हणावेसे वाटते. ते कोणाला पाया पडू देत नसत. पडणाऱ्यावर काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी वारंवार सांगितले. देवळातील मूर्तीचे काय होते हे त्यांनी पाहिले होते. माणसाची मूर्ती झाली म्हणजे त्याचे बोलणे ऐकण्याची जबाबदारी संपते, हे ते ओळखून होते. आणि नेमके तेच घडले. आज महाराष्ट्रातील चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत. २००० साली सुरू झालेल्या शासकीय ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव मिळाले. १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ २००५ पासून त्यांचे नाव धारण करते. यामागील कृतज्ञता खोटी नाही. परंतु या साऱ्या प्रक्रियेत चित्राचे चिन्ह झाले. हातात खराटा, अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर : एवढ्यावर गाडगेबाबा ओळखले जातात. चेहरा कसाही चालतो. शिल्पकाराने नाक चुकविले तरी कोणी तक्रार करीत नाही. खराटा विसरला तर मात्र गाव उठेल.

चिन्ह आणि व्यक्तिचित्र यांतील भेद येथे स्पष्ट होतो. चिन्हाला तपशील लागतो तो अर्थ सांगण्यापुरता. खराट्याने स्वच्छता सांगता येते, चिंध्यांनी वैराग्य सांगता येते. परंतु गाडगेबाबांच्या एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा असे. बांगडीच्या तुकड्याने काय सांगायचे? त्यातून घोषवाक्य निघत नाही. म्हणून पुतळ्यांत तो बहुधा नसतो आणि भाषणांत त्याचा उल्लेख येत नाही. बायकांच्या हातातून फुटून धुळीत पडलेली वस्तू या माणसाने उचलून कानात का घातली असेल, हा विचार मनात आला की त्याच क्षणी चिन्हाच्या मागे एक माणूस हलू लागतो. थट्टा होती ती? स्वतःची, की दागिन्यांची? उत्तर मिळत नाही, आणि उत्तर न मिळणे हाच व्यक्तिचित्राचा प्रत्यय आहे. गोविंदप्रभूंच्या बोधहीन लीळा आणि हा काचेचा तुकडा एकाच जातीचे आहेत.

सूत्रपाठाचे प्रतिरूपही येथे आहे. गाडगेबाबांच्या शिकवणीची ‘दशसूत्री’ फलकांवर लिहून कार्यालये, शाळा आणि धर्मशाळा यांच्या भिंतींवर लावली जाते. तिच्यातील एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही ती वाचताना बाबांचा आवाज ऐकू येत नाही, कारण त्यांचे बोलणे कधीच एकट्याचे नव्हते. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला संवाद. ते प्रश्न विचारीत. हजारोंचा समुदाय उत्तर देई. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न येई, आणि बघता बघता श्रोता स्वतःच्याच तोंडाने आपल्या कर्जाची, दारूची, नवसाच्या बोकडाची कबुली देऊन बसे. सिंह वनात पाहावा तसे गाडगेबाबा कीर्तनात पाहावे, या अर्थाचे आचार्य अत्रे यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांतील अलंकार बाजूला ठेवला तरी निरीक्षण अचूक आहे. या माणसाचे चित्र श्रोत्यांना वगळून काढता येत नाही. त्याचा चेहरा समोरच्या गर्दीत वाटला गेलेला आहे.

लिखित चरित्रांनी ही अडचण कमीअधिक प्रमाणात ओळखली. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले चरित्र बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये आले. ते एका लढवय्या सुधारकाने दुसऱ्या सुधारकाविषयी लिहिले आहे, त्यामुळे त्यातील गाडगेबाबांच्या चेहऱ्यावर प्रबोधनकारांच्या स्वतःच्या रागाचा प्रकाश पडलेला आहे. हा दोष मानण्याचे कारण नाही. व्यक्तिचित्रात पाहणाराही दिसतोच. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर कोवळ्या वयात घर सोडून भटकत असता गाडगेबाबांच्या सहवासात आले होते. त्यांनी लिहिलेल्या चरित्रामागे त्या सहवासाची ऊब आहे. राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबा उभे केले. अभिनेत्याचे सादृश्य हे शरीराचे उसने सादृश्य असते. पण चित्रपटात समुदाय असतो, आणि त्यामुळे पुतळ्याला जे साधत नाही ते येथे काही अंशी साधले.

१९५६ च्या नोव्हेंबरात वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, हे मोठेच भाग्य. निधनापूर्वी महिना-दीड महिना झालेले हे कीर्तन म्हणजे उपलब्ध साधनांतील सर्वांत विश्वसनीय व्यक्तिचित्र होय. त्यात चेहरा नाही, वेष नाही, खराटा नाही. थकलेला पण धारदार आवाज आहे, वऱ्हाडी वळण आहे आणि श्रोत्यांचे उत्तर आहे. मराठी विभागांत हे मुद्रण संहिता म्हणून अभ्यासले जात नाही. लिखित शब्दालाच संहिता मानण्याची सवय त्याच्या आड येते. प्रश्न, विराम, पुनरुक्ती, समुदायाचा प्रतिसाद यांची नोंद करून त्याचे लिप्यंतर केल्यास लीळाचरित्राच्या गद्याशी त्याची तुलना करता येईल. बोलीतील छोटी वाक्ये आणि समोरच्याला धरून चालणारे निवेदन या दोन गोष्टी उभयतांत समान आहेत.

याहून निकडीचे एक काम आहे. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात पोहोचले आहे. दापुरे, मूर्तिजापूर, ऋणमोचन, शेंडगाव, वलगाव या परिसरात बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेली माणसे अजून थोडी असतील. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्यांच्यापर्यंत एस. टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. त्यांच्याकडे जाताना ‘बाबांनी कोणता संदेश दिला?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर फलकावर आहे, आणि तेच पाठ म्हणून दाखविले जाईल. ते कोठे बसले, काय खाल्ले, कोणाला ओरडले, खापरात काय घेतले, निघताना मागे वळून पाहिले की नाही, हे विचारावे. मिळालेली प्रत्येक आठवण सांगणाऱ्याच्या नावासह आणि त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावी. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांचा मेळ घालण्याच्या भरीस पडू नये. एकाने कवडी उजव्या कानात सांगितली व दुसऱ्याने डाव्या, तर म्हाइंभटांच्या परंपरेप्रमाणे दोन्ही पाठ एकाखाली एक लिहावेत.